नसलेल्या अंगठ्याची तक्रार

दिघोरी, ता. लाखांदूर, जि. भंडारा
रोवणा आटोपल्यावरचा पहिला रविवार

आदरणीय जागेश्वर भाऊजी यांना चिंधूचा सविनय जयभीम. रत्नमालाताईला जयभीम, आणि तिच्या गुडघ्यांना वेगळा जयभीम, कारण मागच्या खेपेला आमच्या पायऱ्या चढताना त्यांनी जो आवाज केला तो अजून माझ्या कानात आहे. आपली शुगर कशी आहे? गोड बंद केल्याचे ताईने फोनवर सांगितले, पण फोन आपण हातात घेतला तेव्हा आपण काहीतरी चघळत होता असा मला संशय आला. असो. आमच्याकडे सर्व क्षेम. धानाचा रोवणा झाला, रोपे लावणाऱ्या बाया आपापल्या गावी गेल्या, बांध्यांत पाणी उभे आहे. विमलाबाईची तब्येत उत्तम आहे. (घरी मी बायकोला नुसती विमल म्हणतो, पण आपण तिला विमलाबाई म्हणता, म्हणून पत्रापुरते मीही तसेच म्हणतो.)

पत्र लिहिण्याचे कारण असे की नागपूरच्या ज्या संस्थेने माझ्या डोक्यात तारा घातल्या, तिच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीवर आपण आहात. त्या समितीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, आणि एक जागा ‘सामान्य माणूस’ म्हणून आहे, ती आपली. जन्मभर हेडमास्तरकी केली, अर्ध्या तालुक्याला बाकावर उभे केले, आणि शेवटी आपण सामान्य माणूस ठरलात, याचे ताईला हसू येते. मला येत नाही. एवढ्या शिकलेल्या लोकांत एक तरी माणूस ‘हे काय चालले आहे’ असे विचारायला पाहिजे, आणि आपला आवाज मोठा आहे. म्हणून हे पत्र तक्रार समजावे. मी मुळात संशयी नाही, हे आपण जाणता. एसटीत कंडक्टर होतो, तेव्हा संशय हा कामाचा भाग होता. निवृत्तीच्या दिवशी तिकिटाचा पंच जमा करून घेतला, चामड्याची बॅग जमा करून घेतली, पण संशय कोणी परत मागितला नाही. तो माझ्याकडेच राहिला.

पार्श्वभूमी आपणास ठाऊक आहे, पण तक्रारीत पार्श्वभूमी लागते. मळणीच्या वेळी यंत्रात पेंढी सारताना माझा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला. गेला तो गेला. माणूस एका हाताने जगतो, डाव्या हाताने लिहायला शिकतो, शर्टाची बटणे बायकोकडून लावून घेतो आणि तिच्याकडे न पाहता छताकडे पाहायला शिकतो. माझी तक्रार गेलेल्या हाताबद्दल नाही. तक्रार अशी की तो गेल्यावरही गेला नाही. नसलेल्या हाताची मूठ घट्ट आवळलेली असे, नसलेला अंगठा आत दाबलेला, आणि नसलेली नखे नसलेल्या तळव्यात रुतत. दुखणे मात्र असलेले. विमलाबाई तेल घेऊन बसे आणि विचारी, कुठे लावू? मी हवेत बोट दाखवी. खुशालचे म्हणणे पडले (खुशाल म्हणजे माझ्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर, आता शेजारी), की शेताच्या धुऱ्यावर पुरलेला माझा हात उकरावा, त्याची मूठ उघडावी आणि पुन्हा नीट पुरावा. आम्ही दोघे फावडे घेऊन निघालोही होतो. विमलाबाई दारात आडवी उभी राहिली, म्हणून तो प्रयोग राहिला. त्यानंतर आपण नागपूरच्या प्रयोगाचे सांगितले. तेव्हा ती आडवी उभी राहिली नाही, हे मी फक्त नोंदवून ठेवतो.

संस्थेत मोठ्या डॉक्टरांनी मला सर्व समजावले. हाताची जाणीव हातात नसते, मेंदूत असते. हात गेला तरी मेंदूतली त्याची जागा रिकामी नसते, तिथे वाट पाहणे चालू असते. तिथे बारीक तारा बसवायच्या, नवीन हाताच्या बोटांना दाब ओळखणाऱ्या टिकल्या लावायच्या, आणि बोट कशाला टेकले की तारेतून तेवढी ठिणगी द्यायची. मी विचारले, या तारांतून माझ्या मनात काय चालते ते तुम्हाला कळेल का? ते लगेच म्हणाले, नाही. इतके लगेच म्हणाले की मला खटकले. चालत्या गाडीत ‘तिकीट?’ म्हटल्यावर जो खिसे चाचपत बसतो त्याच्याकडे तिकीट असते. जो पटकन ‘झालं’ म्हणतो, त्याला खाली उतरवावे लागते. मी पुन्हा विचारले. ते पुन्हा लगेच नाही म्हणाले. मग म्हणाले, शहारेजी, तुमच्या मनातलं वाचण्याइतकं आमचं यंत्र चांगलं नाही हो. हे उत्तर थोडे थांबून आले, म्हणून मी सही केली. तारा ठराविक मुदतीसाठी आहेत, मुदत संपली की काढून घेऊ, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. मी म्हटले, उत्तम, उद्या काढल्या तरी चालतील.

ऑपरेशनच्या वेळी मधला काही वेळ मला जागे ठेवले होते. डोक्याला लहानशी खिडकी पाडून माणसे आत पाहत आहेत आणि आपण बाहेर छत पाहत आहोत, अशा वेळी माणसाने काय विचार करावा हे कोणी सांगत नाही. मी लाखांदूर ते भंडारा सगळे थांबे मनात म्हटले. पुण्याहून आलेल्या एक डॉक्टरीणबाई विचारत होत्या, काका, काही जाणवतंय का, मुंग्या, शहारे? मला वाटले हजेरी चालू आहे. मी म्हटले, शहारे हजर. सगळे हसले, आणि हसता हसता कोणीतरी माझ्या उजव्या अंगठ्यावर टिचकी मारली. मी मान न हलवता डोळे वळवून पाहिले. तिथे टेबलाची कड होती आणि कडेपलीकडे फरशी. अंगठा नव्हता. टिचकी मारणारा नव्हता. पण टिचकी होती, भाऊजी. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले, पण प्रत्येकाच्या तोंडावर फडके बांधलेले. माझ्या मते तिथून संशयाला सुरुवात झाली.

आता डोक्यावर सोडावॉटरच्या झाकणाएवढे एक बटण आहे, त्यावर मी टोपी घालतो. बटणातून वायर कमरेच्या डबीत, डबीतून हातात. हात दिसायला बरा आहे, पण रंगाने माझ्यापेक्षा गोरा निघाला. (दुसरा मागितला तर म्हणाले, हा सावळ्यातला आहे.) सुरुवातीला त्याचा कारभार असा होता की कापूस दिला तर मुंग्या येत, वाटी दिली तर मुंग्याच, फक्त एका रांगेत चाललेल्या. त्याहून वाईट म्हणजे अंगठ्याची जाणीव कधी कधी गालात निघे. मोठे डॉक्टर म्हणाले, मेंदूत हाताचे घर आणि तोंडाचे घर एकाला एक लागून आहेत, शेजाऱ्याकडे चुकून टपाल जाते तसे होते, हळूहळू सुधारेल. त्यांनी हे मला सांगितले, पण बसमधल्या लोकांना कोण सांगणार?

दर आठवड्याला मला भंडाऱ्याला जावे लागे. नागपूर लांब पडते म्हणून संस्थेने तिथे पितळी भांड्यांच्या दुकानावर माडीवरची खोली घेतली आहे. पहिल्याच खेपेला गाडीत गर्दी होती, मी उभा राहून नव्या हाताने वरचा दांडा धरला. लाखनीच्या अलीकडे रस्ता खराब आहे. पहिला खड्डा आला आणि माझ्या उजव्या गालाला कोणीतरी हात लावला. मी दुर्लक्ष केले. दुसरा खड्डा आला, पुन्हा लावला, जरा प्रेमाने. तिसऱ्याला चिमटा. मी मागे वळलो. मागे एक ढीवर समाजाचा माणूस मासोळ्यांची टोपली पायाशी घेऊन उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. त्याचे नाव श्रावण, हे मला नंतर कळले. मी माझ्या जुन्या नोकरीच्या आवाजात त्याला विचारले, की हा काय प्रकार आहे? तो जागा झाला, आधी टोपली पाहिली, मग मला पाहिले. शांतपणे म्हणाला, “बाबा, मी तं झोपून राहिलो होतो. तुमच्या गालाले मी कायले हात लावू?” प्रश्न रास्त होता. पण तेवढ्यात खड्डा आला, मी गाल धरला, आणि सगळ्या गाडीने पाहिले की त्याचे दोन्ही हात टोपलीवर आहेत. मग मला टोपी काढून सर्व समजावून सांगावे लागले. सांगून झाल्यावर श्रावण म्हणाला की मग दांडा सोडा आणि माझ्या खांद्याले धरा, खांदा खड्ड्यात एवढा हालत नाही. भंडाऱ्यापर्यंत मी त्याच्या खांद्याला धरून गेलो. (गालाला मासोळीच्या टोपलीजवळ उभे असल्याचे वाटत होते, पण तो बहुधा वास असेल.)

गावात वेगळाच त्रास. खुशालने एकदा माझ्या हाताकडे तोंड करून, हळू आवाजात विचारले, “चिंधू, आपुन बोलून राहिलो ते नागपूरले आयकू जाते काय?” मी म्हटले, नाही. पण लगेच म्हटले, आणि खुशालही एसटीतलाच. दुसऱ्या दिवसापासून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मी गेलो की लोक पिकापाण्याविषयी फार शुद्ध बोलू लागले. रेशनच्या तांदळाचे जे काही बोलणे चाललेले असे ते थांबे आणि एकजण माझ्या हाताला ऐकू जाईल असे म्हणे, की धान्य अगदी वेळेवर आणि पूर्ण मिळते. मारोतराव पाटलांनी तर आपल्या भाऊहिस्सेवाटणीच्या बैठकीला मला बोलावले आणि हात मात्र घरी ठेवून या म्हणाले. मी म्हटले, हात येणार नसेल तर मीही येत नाही. हे मी का म्हणालो, ते मला त्या वेळी कळले नाही.

आता मुख्य आरोप. भंडाऱ्याच्या खोलीत माझी परीक्षा घेणारा मुलगा प्रफुल्ल. तुमसरचा आहे, इंजिनियर आहे, बोलायला नम्र आहे, म्हणून माझे त्याच्यावर विशेष लक्ष. परीक्षा अशी: मध्ये पडदा, पडद्यापलीकडे माझा हात, तो कशाकशाने स्पर्श करणार आणि मी ओळखायचे. खालच्या दुकानातून आणलेला पितळी गडवा, दोरी, स्पंज, असे सामान. खालून भांडी ठोकल्याचा आवाज अखंड येतो, त्यामुळे कानाने काही कळत नाही. मुंग्या हळूहळू कमी झाल्या होत्या, टपाल बहुतेक बरोबर घरी जाऊ लागले होते. त्या दिवशी प्रफुल्ल म्हणाला, काका, आता सांगा. तर्जनीवर कोणीतरी स्वच्छ दाबले. मी तर्जनी म्हणालो आणि म्हणता म्हणता पडद्यावरून डोकावलो. भाऊजी, माझा हात एकटा टेबलावर पडलेला. गडवा लांब, दोरी लांब, प्रफुल्ल दोन हात अंतरावर खुर्चीत, आणि त्याचे बोट कॉम्प्युटरवर.

तीस वर्षांत मी बिनतिकिटाचे पुष्कळ पकडले, पण इतका रंगेहाथ कोणी सापडला नव्हता. प्रफुल्लने काही लपवले नाही. म्हणाला, काका, यंत्र जुळवताना असेच करावे लागते, हाताला काही लागलेले नसताना मेंदूला थेट ठिणगी देऊन पाहावी लागते, मी हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितले होते. सांगितले असेल. पण सांगणे वेगळे आणि डोळ्याने पाहणे वेगळे. कोणी न शिवता मला शिवल्यासारखे होऊ शकते, आणि ते खऱ्यासारखेच खरे वाटते. मग इतके दिवस जे जे मला लागले ते कोणाचे लागले?

हा प्रश्न गडव्यापुरता असता तर मी सोडून दिला असता. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात घरी एक गोष्ट झाली होती, ती आपणास लिहायची की नाही याचा मी विचार केला. समितीवर आहात म्हणून लिहितो, ताईने हा भाग वाचू नये. विमलाबाई माझ्या शर्टाची बटणे लावत होती आणि मी छताकडे पाहत होतो. बटणे लावून झाल्यावर तिने सहज नवा हात हातात घेतला, आपण एखादी वस्तू उचलून पाहतो तसा. मुंग्या आल्या नाहीत. आधी दाब आला, मग बोटांची हाडे आली, आणि मग तिच्या करंगळीचे वाकडे पेर आले. ते पेर लहानपणी दारात सापडून वाकडे झालेले आहे. हात गेल्यापासून ते मला लागले नव्हते, डाव्या हातात हात घेतला की करंगळी दुसऱ्या बाजूला येते. मी छताकडे पाहत राहिलो. तिने विचारले, काय झाले? मी म्हटले, काही नाही. आणि त्याच वेळी आवळलेली मूठ सुटली. कोणती, ते आपण ओळखले असेल. अंगठा बाहेर आला आणि बोटे एकामागून एक उघडली.

आता प्रफुल्लचे बोट कॉम्प्युटरवर पाहिल्यावर माझी काय अवस्था झाली असेल याचा विचार करावा. एक तर यंत्र खरे आहे, नाही तर या मुलाने माझ्या बायकोची करंगळी केव्हातरी नीट पाहून ठेवली आहे. घरी येऊन मी विमलाबाईला म्हटले, आपण परीक्षा घेऊ. दोरीवर सोलापुरी चादर टाकली. अलीकडे मी, पलीकडे माझा हात आणि ती. तिने कधी हात धरायचा, कधी नुसते बसायचे, आणि मी सांगायचे. (चुलीवर भात होता, हे मला माहीत नव्हते.) ती म्हणाली, काहून? मी म्हटले, खात्री करायची आहे. कशाची, असे तिने विचारले नाही. तिने विचारायला पाहिजे होते, म्हणजे मला काहीतरी वेगळे सांगता आले असते.

पहिल्यांदा मी म्हटले धरला. ती म्हणाली, हो. मग म्हटले नाही धरला. ती म्हणाली, हो. असे बराच वेळ चालले आणि मी एकदाही चुकलो नाही. उत्तरागणिक तिचा ‘हो’ लहान होत गेला, ते मी भाताच्या काळजीवर लोटले. मग शेवटी पुन्हा दाब आला, हाडे आली, वाकडे पेर आले, अगदी स्पष्ट, आधीपेक्षा जास्त वेळ. मी म्हटले, धरला. चादरीपलीकडून ती म्हणाली, “नाई. धरला नाई म्या.” आणि उठून भात पाहायला गेली. भात खाली लागला होता. आम्ही तो तसाच जेवलो. मी मनात आरोपपत्र तयार करत होतो.

पुढच्या खेपेला मी विमलाबाईला साक्षीदार म्हणून भंडाऱ्याला नेले. प्रफुल्लसमोर आरोप ठेवला: माझ्या घरी, माझ्या चादरीमागे, कोणीही हात न धरता मला हात धरल्याचे कळले, तेव्हा हे यंत्र बनावट आहे. मला वाटले होते तो वाद घालेल. पण तो पांढरा पडला. त्याने डबी उघडली, वायर तपासल्या, मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवून म्हणाला, काका, आपोआप जाणीव होत असेल तर ते धोक्याचे आहे, हात आणि डबी आजच नागपूरला न्यावी लागेल, डोक्यातल्या तारांचंही कदाचित लवकर पाहावं लागेल. माझा विजय झाला होता. मी मनगटाचा पट्टा सोडायला हात पुढे केला. तेव्हा विमलाबाई खुर्चीवरून उठली, प्रफुल्लच्या आणि माझ्या मधे आली आणि त्याला म्हणाली, “राहू द्या, भाऊ. यंत्रात काई नाई. धरला होता म्या. मी खोटं बोलली.”

खाली भांड्याचा ठोका तेवढ्यात थांबला होता, त्यामुळे सगळे फार स्पष्ट ऐकू आले. मी विचारले, काहून? ती माझ्याकडे न पाहता पट्टा पुन्हा आवळत म्हणाली, “डाक्टरवर तुमचा इस्वास नाई, यंत्रावर नाई, खुशालवरबी नाई. म्हणलं, माह्यावर तरी हाये का, पाहू.” प्रफुल्लने कॉम्प्युटरकडे तोंड केले. फार वेळ तो त्यात पाहत होता, पण कॉम्प्युटर बंद होता हे माझ्या लक्षात आले.

भाऊजी, या प्रकरणाचा मी परत येताना गाडीत पुष्कळ विचार केला. मोठ्या डॉक्टरांपासून श्रावणच्या टोपलीपर्यंत मी सर्वांवर संशय घेतला. माझ्या बोटांनी मला स्पष्ट सांगितले की हिने हात धरला आहे. आणि चादरीमागून ही नुसते नाही म्हणाली, तर मी बोटांना खोटे ठरवले, संस्थेला खोटे ठरवले, एका चांगल्या मुलाची नोकरी धोक्यात आणली. पण ही खोटे बोलत असेल हे मला सुचलेच नाही. कंडक्टर म्हणून ही माझी मोठी चूक आहे. मी तिला तसे म्हणालो. मी म्हटले, मग तुझ्या परीक्षेचा निकाल काय लागला? तिने खिडकीबाहेर पाहत सांगितले, “तुमचं तुमी पाहा. माह्यं पाहून झालं.” खड्डा आला तेव्हा तिने मला धरले. कोणत्या हाताला, ते लिहिण्याची आवश्यकता नाही.

तरी माझी तक्रार कायम आहे. एक, न शिवता शिवल्यासारखे करता येते, तेव्हा समितीने यावर बारीक लक्ष ठेवावे. उद्या कोणी कोणाला घरबसल्या चिमटे काढेल. दोन, हाताचा रंग. तीन, नम्र मुलांना अशा कामावर नेमू नये, संशय घेणे जड जाते. माझी मुदत धान कापणीच्या आधी संपते, तेव्हा तारा काढून घेतील. मोठ्या डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात आठवण करून दिली. मी म्हटले, उत्तम. आपण काळजी करू नये, मला त्याचे काही वाटत नाही. माणूस एका हाताने जगतो.

ताईच्या गुडघ्यांसाठी विमलाबाईने तेल काढून ठेवले आहे, येणाऱ्याबरोबर पाठवतो. आपण गोड खाऊ नये, आणि खाल्लेच तर फोन उचलू नये.

आपला
चिंधू शहारे
(निवृत्त वाहक)

ता. क. – वरील तक्रार समितीपुढे वाचू नये. वाचावीच लागली तर बसचा भाग आणि चादरीचा भाग गाळावा. मग फारसे काही उरत नाही, तेव्हा न वाचलेलेच बरे.

ता. क. दुसरा – मुदत वाढवून मिळते का, एवढे आपण विचारून पाहावे. माझ्यासाठी नाही, विज्ञानासाठी. प्रफुल्ल म्हणतो, तारा काढल्यावर मूठ पुन्हा आवळेल की उघडी राहील हे कोणालाच माहीत नाही. तो नम्र असला तरी हे थांबून म्हणाला, म्हणून खरे असणार. सगळा हात ठेवणे नियमात बसत नसेल तर निदान अंगठा आणि करंगळीची बाजू तरी ठेवावी, बाकीची बोटे मी परत करतो. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते की काढून नेऊ, आणि मीही शुद्धीत असताना सही केली होती. या सगळ्यात मला कोणी फसवले नाही, हीच मोठी अडचण आहे. फसवले असते तर भांडता आले असते.

ता. क. तिसरा – प्रफुल्लला मी सहज विचारले, तर तो म्हणाला की समितीत माझा विषय निघाला की नातेवाईक म्हणून आपणास बाहेर बसावे लागेल. तसे असल्यास आपण बाहेर बसावे, नियम मोडू नये. पण दाराच्या जवळ बसावे आणि खोकावे. आपला खोकला मोठा आहे.

ता. क. चौथा – पत्र विमलाबाईला वाचून दाखवले. तिने काही खोडायला सांगितले नाही. आपणास एवढेच लिहायला सांगितले की मुदत वाढो न वाढो, पण तारा काढायला नेणार असतील तो दिवस आधी कळवावा, ऐन वेळी गाडी पाठवू नये. त्या दिवशी ती सकाळी रानात जाणार नाही म्हणते. का, ते मी विचारले नाही.